चष्म्याने उगवलेला सूड

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे आणि मी डूख धरतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. इतर वस्तू आपली कहाणी सांगताना फार गोड बोलतात. जुनी छत्री म्हणते, मी किती जणांना भिजू दिलं नाही. जुनी खुर्ची म्हणते, माझ्यावर किती दमलेली माणसं टेकली. असतील बिचाऱ्या भल्या. मी तसा नाही. मला कुणी वाईट वागवलं तर मी ते विसरत नाही, आणि जिच्या नाकावर मी बसतो त्या मुलीवर मी एकदा पुरता सूड उगवला आहे. तो कसा, ते ऐका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पातळ तारेला वाक देऊन माझ्या दोन गोल चौकटी केल्या, आतून काच बसायला खाच पाडली, वर काळा मुलामा चढवला, मागे दोन काड्या आणि पुढे नाकावर टेकायला दोन मऊ गाद्या लावल्या. मग अकरा भावंडांबरोबर मला खोक्यात भरलं. त्या खोक्यातून मी उतरलो तो मामाच्या दुकानात. मामा म्हणजे त्या मुलीचा मामा, चष्मे बनवणारा. दुकान एवढंसं, दोन माणसं आत आली की तिसऱ्याने दारातच उभं राहायचं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता आणि त्याची शेवटची ओळ उन्हाने इतकी फिकी झाली होती, की चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही ती वाचता यायची नाही. मामा ती ओळ कुणाला विचारायचाच नाही.

मामाने भाचीसाठी मला निवडलं. काचा चाकावर घासल्या, माझ्या खाचेत बसवून पाहिल्या, काढल्या, पुन्हा घासल्या. शेवटी श्वास रोखून माझे दोन बारीक स्क्रू आवळले, मला भाचीच्या नाकावर ठेवलं आणि म्हणाला की आता तुला मुंगीची मिशीसुद्धा दिसेल. तिने आरशात पाहून नाक मुरडलं. माझ्या रागाच्या वहीतली पहिली नोंद ती.

ती अग्निशमन केंद्रात फोनच्या खोलीत कामाला होती. तिथे सगळे तिला ढापणी म्हणायचे. ढापणी, चहा घेतेस का. ढापणी, गाडी निघाली, पत्ता सांग. समोरच्या भिंतीवर शहराचा भलामोठा नकाशा, त्यात मुंग्यांच्या रांगेसारख्या गल्ल्या. एकदा एका बाईचा रडत फोन आला, तिला गल्लीचं नाव धड सांगता येईना. ढापणीने माझ्यातून त्या नकाशावर नजर फिरवली, बाई सांगत होती ते पाण्याचं टाकं शोधलं, आणि गाडी सात मिनिटांत पोचली. केंद्रप्रमुखांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. नजर आहे पोरीची, म्हणाले. नजर कुणाची होती ते मला आणि तुम्हाला माहीत आहे. मला काय मिळालं? शर्टाच्या टोकाने खसाखसा पुसणं.

आणि त्या शर्टाच्या टोकाचं तरी काय घेऊन बसलात. ती मला उशीखाली ठेवून त्याच उशीवर डोकं ठेवायची. माझी एक काडी वाकली ती तशीच राहिली. ती माझ्या काडीने पाठ खाजवायची. फोटो काढायची वेळ आली, की मी खिशात. पुढे तर तिने डोळ्यांत घालायच्या लेन्स आणल्या. साबणाच्या फुग्याच्या तुकड्यासारख्या दोन लिबलिबीत चकत्या, रोज औषधाच्या पाण्यात आंघोळ काय, वेगळी डबी काय. त्यांना हात लावण्याआधी ती साबणाने हात धुवायची. माझ्यासाठी तिने कधी हात पुसलेसुद्धा नाहीत. मी पिशवीच्या तळाशी, किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर.

पण खरं बोलायचं तर तिलाही एक सल होता. तिला फोनच्या खोलीत बसायचं नव्हतं, तिला गाडीवर जायचं होतं. आग विझवायला जाणाऱ्या माणसाला तोंडावर मुखवटा लावावा लागतो. त्याचा रबर चेहऱ्याला घट्ट बसला तरच धूर आत येत नाही, आणि माझी काडी मध्ये आली की फट राहते. एकदा सरावाला तिने मला न काढताच मुखवटा चढवला आणि खोकून खोकून बेजार झाली. शिकवणारे म्हणाले, "हे ढापण घालून आगीत गेलीस तर आधी तुलाच बाहेर काढावं लागेल." सगळे हसले. ती माझ्याकडे अशी पाहत होती, जणू धूर मीच केला होता. नियमही तसाच होता. गाडीवर जायचं तर चष्मा आणि लेन्स दोन्ही नसताना तक्ता वाचता आला पाहिजे. केंद्रातली डोळ्यांची तपासणी सहा महिन्यांनी होती आणि वयाची अट पाहता ती तिची शेवटची संधी होती.

म्हणून तिने लेसर करून नंबर घालवायचं ठरवलं.

डोळ्यांच्या दवाखान्यात आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा डॉक्टरांनी तिला बसवून सगळं नीट सांगितलं. मी तिच्या मांडीवर होतो, कान देऊन ऐकत होतो. डोळ्याच्या पुढे काचेसारखा एक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. लेसर त्या पडद्याचा आकार बदलतो, म्हणजे थोडा भाग कायमचा काढून टाकतो. म्हणून तो पडदा पुरेसा जाड लागतो आणि नंबर निदान वर्षभर तरी स्थिर असावा लागतो. लेन्स घालणाऱ्यांनी तपासणीच्या दोन आठवडे आधी त्या बंद करायच्या, कारण लेन्सच्या दाबाने पडद्याचा आकार बदलतो आणि मोजमाप चुकतं. नंतर काही महिने डोळे कोरडे पडू शकतात, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. चाळिशी आली की वाचायला चष्मा लागायचा तो लागतोच. हे शेवटचं ऐकून मला फार बरं वाटलं. डॉक्टर म्हणाले की येताना हा चष्मा आणि त्याची पावती आणा, म्हणजे नंबर केव्हापासून स्थिर आहे ते कळेल. ती प्रत्येक वाक्याला हो हो म्हणत होती.

आता इथे मेख होती. तिचा नंबर स्थिर नव्हता. मला आणलं तेव्हा मायनस तीन होता. वर्षाने पावणेचार झाला. चारच महिन्यांपूर्वी साडेचार झाला आणि मामाने माझ्यात नव्या काचा बसवल्या. त्या वेळी मामा काळजीनेच म्हणाला होता, "बाळा, पंचविशीनंतर नंबर एवढा पळत नाही. एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखव." तिने ते कानाआड केलं.

त्या दिवशी घरी येताना ती मैत्रिणीशी फोनवर बोलत होती आणि मी पिशवीत सगळं ऐकत होतो. ती म्हणाली की चौकट दोन वर्षांची आहे, पावती दोन वर्षांची आहे, पावतीवर नंबर लिहिलेलाच नाही. काचा नव्या आहेत हे कुणाला कळणार? चष्म्यातला नंबर आणि डोळ्याचा नंबर जुळला की झालं. मग ती हसली आणि म्हणाली, तिथे नको असलेले चष्मे टाकायची पेटी आहे, ऑपरेशन झालं की याला त्यात टाकून मोकळी होणार.

मित्रांनो, पेटीचं मला दुःख झालं, पण राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. मी दिसायला कसाही असेन, पण आयुष्यात मी कधी खोटं दाखवलं नाही. जे जिथे आहे ते तिथेच दाखवलं. तिने मला किल्ल्यांत फेकलं, मी गिळलं. पण तिला मला खोटा साक्षीदार करायचं होतं, आणि साक्ष झाल्यावर पेटीत टाकायचं होतं. त्याच क्षणी मी मनाशी म्हटलं, थांब, तुला दाखवतोच.

माझ्याजवळ हत्यार म्हणाल तर एकच होतं. नव्या काचा बसवल्यावर मामाने माझा उजवा स्क्रू आवळला होता, पण पिशवीत किल्ल्यांबरोबर हेलकावे खाऊन तो सैल होत आला होता. मी त्याला कसाबसा धरून होतो. पुढचे पंधरा दिवस मी एवढंच ठरवलं, की सोडायचा तेव्हाच सोडायचा.

ते पंधरा दिवस तिने मला घालायला हवं होतं. लेन्स बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं ना? छे. सराव चुकवायचा नव्हता, म्हणून बाईसाहेब रोज लेन्स घालून मुखवटा लावत होत्या. दवाखान्याच्या दोन दिवस आधी काढल्या. तेवढं पुरे, म्हणाली.

तपासणीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर आमच्या शेजारी एक बेकरीवाला बसला होता. भट्टीचं दार उघडलं की चष्म्यावर वाफ बसते आणि हात भाजतो, म्हणून त्याने महिन्याभरापूर्वी लेसर करून घेतलं होतं आणि दाखवायला आला होता. भला माणूस. सांगत होता की डॉक्टरांनी माझ्या आजीच्या डोळ्यांपर्यंत सगळं विचारलं, मीही सगळं सांगितलं, कधीमधी घालायचो त्या लेन्सलाही आधी एक महिना हात लावला नाही. अजून डोळ्यांत थेंब घालतो, कोरडे पडतात, पण भट्टीतला पाव आता लांबून दिसतो. त्याने आपला चष्मा खिशातून काढला, रुमालाने पुसला आणि पेटीत अलगद ठेवला. त्या चष्म्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मला त्याचा हेवा वाटला आणि माझा राग दुप्पट झाला.

आत मशीन चालवणाऱ्या बाई होत्या. वयाने मोठ्या, सगळे त्यांना ताई म्हणत. त्यांनी मला नंबर मोजायच्या यंत्रावर ठेवलं, तिचे डोळे तपासले. नंबर जुळला. त्यांनी पावती पाहिली. दोन वर्षं झाली, म्हणजे स्थिर आहे, असं कागदावर लिहिलं. मग मशीनने तिच्या डोळ्याच्या पडद्याचा नकाशा काढला. ताईंनी तो पाहिला, पुन्हा काढला. दोन्ही नकाशे एकमेकांशी जुळेनात. त्यांनी विचारलं की लेन्स बंद आहेत ना. ती म्हणाली, पंधरा दिवस झाले. ताई म्हणाल्या की मग डोळे कोरडे असतील, आणि त्यांनी मला परत द्यायला उचललं.

देता देता त्यांनी एक गोष्ट केली. टेबलावरचं मऊ फडकं घेतलं आणि माझी काच हळूच पुसायला लागल्या. एवढ्या वर्षांत मला कुणी असं पुसलं नव्हतं. मला भरून आलं, आणि मी स्क्रू सोडला.

उजवी काच त्यांच्या तळहातावर पडली. ढापणीने हात पुढे केला, राहू दे ताई, मी बसवून घेते, म्हणाली. पण ताईंनी काच डोळ्यांजवळ धरली. मग मला उजेडात धरून माझ्या खाचेत पाहिलं. खाचेत दोन वर्षांचा मळ बसला होता, काळा, घट्ट. काचेची कड मात्र लखलखीत, मळाचा एक ठिपका नाही.

"या काचा कधी बसवल्या?" ताईंनी विचारलं.

"चष्म्याबरोबरच."

"अगं, इथे येण्याआधी मी अकरा वर्षं काचा घासल्यात. ही काच या चौकटीत दोन वर्षं राहिलेली नाही."

मी टेबलावर एका डोळ्याने तिच्याकडे पाहत होतो. तिचं तोंड उतरलं, कान लाल झाले. खोटं नाही सांगत, मला गुदगुल्या होत होत्या. पाठ खाजवायला हवा होता ना मी? आता खाजव.

डॉक्टरांसमोर तिने सगळं कबूल केलं. नंबर तीनवरून साडेचारवर गेला, काचा चार महिन्यांपूर्वीच्या, लेन्स परवापर्यंत चालू. मला वाटलं, आता डॉक्टर हिची चांगली खरडपट्टी काढतील. ते आवाजसुद्धा न चढवता म्हणाले, "तुमचं खोटं पकडायला माझ्याकडे मशीन नाही. मशीन डोळा मोजतं. बाकीचं तुम्हीच सांगायचं असतं." आणि महिनाभर लेन्सला हात लावायचा नाही असं सांगून त्यांनी तिला परत पाठवलं.

तो महिना माझा होता. मामाने स्क्रू आवळून दिला आणि मी सकाळपासून रात्रीपर्यंत तिच्या नाकावर. मी काय काय केलं विचारू नका. चहाचा कप तोंडाला लावला की वाफ धरायचो. खाली वाकली की घसरायचो. नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल खुणा उमटवल्या आणि वाकलेल्या काडीने कानामागची कातडी सोलली. सरावाला ती बाजूच्या बाकावर बसून इतरांचे मुखवटे मोजायची. शिकवणारे विचारायचे, काय गं, कधी होणार तुझं लेसर? ती म्हणायची, होईल लवकर. मला सगळं ऐकू यायचं आणि मी मनात म्हणायचो, बघू की.

महिन्याने पुन्हा नकाशा काढला. या वेळी दोन्ही नकाशे जुळले. पण डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या मामालाही आत बोलावलं. पडद्याचा खालचा भाग पातळ होऊन पुढे फुगत चालला होता, म्हणूनच नंबर पळत होता. लेसर नाही, म्हणाले, आत्ता नाही आणि पुढेही नाही. आधीच पातळ असलेला पडदा आणखी पातळ केला तर तो झपाट्याने फुगत जाईल, मग कुठलाही चष्मा चालणार नाही आणि कदाचित दुसऱ्याचा पडदा बसवायची वेळ येईल. जे आहे ते इथेच थांबवायला एक उपचार आहे. डोळ्यात जीवनसत्त्वाचे थेंब घालून वरून विशिष्ट प्रकाश सोडायचा. त्याने गेलेलं परत येत नाही, पण पुढे जाणं बहुतेकदा थांबतं. चष्मा मात्र कायम.

तिने एकच विचारलं. "म्हणजे मला गाडीवर जाता येणार नाही?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. मामाने तिच्या पाठीवर हात ठेवला.

बाहेर आल्यावर ती त्या पेटीसमोर उभी राहिली. मला काढलं, पेटीच्या फटीवर धरलं. "तुझ्यामुळे झालं सगळं," ती म्हणाली. मित्रांनो, मला कशाचीही भीती वाटली नाही. खरंच होतं ते, माझ्यामुळेच झालं होतं. सूड पुरा झाला होता, आता पेटी तर पेटी. पण तिने मला परत नाकावर ठेवलं. प्रेमाने नव्हे. समोर रस्ता होता, तो ओलांडायचा होता, आणि माझ्याशिवाय तिला येणाऱ्या गाड्या दिसत नव्हत्या.

उपचार झाला. पहिले तीन दिवस तिचे डोळे इतके दुखले, की तिने खोलीचे पडदे उघडू दिले नाहीत. मी कपाटावर पडून होतो आणि तिचं कण्हणं ऐकत होतो. त्या तीन दिवसांत मला सूड गोड लागला असं म्हणालो तर ते खोटं होईल, आणि खोटं मी दाखवत नाही.

ती अजून फोनच्या खोलीतच आहे. गाडी निघाली की खिडकीशी जाते, गाडी वळेपर्यंत बघते आणि परत येऊन कानाला फोन लावते. तेवढं बघणं माझ्यातूनच होतं, त्यामुळे ते मला चुकवता येत नाही.

वर्षाने डॉक्टरांनी दोन नकाशे शेजारी शेजारी ठेवले. फुगणं थांबलं होतं. डॉक्टर म्हणाले की त्या दिवशी नंबर स्थिर समजून कुणी लेसर केलं असतं, तर आज आपण वेगळ्याच गोष्टी बोलत असतो. ती बाहेर आली, ताईंकडे गेली आणि मला हातात घेऊन म्हणाली, "याची काच पडली म्हणून मी वाचले." आणि तिने मला मऊ फडक्याने पुसलं, दोन्ही काचा, कडेपर्यंत.

मला तोंड लपवावंसं वाटलं. कारण मित्रांनो, मी तिला वाचवायला काच सोडली नव्हती. पडदा पातळ आहे हे मला कुठे ठाऊक होतं? तिचे डोळे ठणठणीत असते, तरीही मी ती काच सोडली असती. मला फक्त तिची खोड मोडायची होती.

आणि आता सगळ्यात वाईट गोष्ट सांगतो. तिने मला त्याआधी एकदा जरी असं प्रेमाने पुसलं असतं, एकदा जरी डबीत नीट ठेवलं असतं, तर माझा राग निवला असता. मी स्क्रू घट्ट धरून ठेवला असता, तिची खोटी साक्ष निमूट दिली असती, आणि ती हसत हसत त्या लेसरखाली जाऊन झोपली असती.

म्हणून तुमच्या घरात कुणी लेसर करायला निघालं, तर त्यांना भिववू नका. तो बेकरीवाला मजेत आहे. फक्त त्यांच्याबरोबर जा, आणि डॉक्टर विचारतील त्याचं खरं उत्तर ते आपल्या तोंडाने देतात ना, तेवढं बघा. नंबर कधी बदलला, लेन्स कधी काढल्या, घरात कुणाच्या डोळ्यांना काय झालं होतं, सगळं. डोळे आपले आहेत. ते एखाद्या चष्म्याच्या रागावर सोपवू नका.